अनुपशयाचीही नोंद हवी

आयुर्वेदीय परिषदांत आणि परिसंवादांत संशोधनाची चर्चा नेहमीच होते. परंतु संशोधन म्हटले की पदव्युत्तर प्रबंध, प्रयोगशाळा आणि अनुदान यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. गावोगावी दवाखाना चालविणारा वैद्य आणि त्याच्या चिठ्ठीप्रमाणे औषध देणारा दुकानदार या चित्रात क्वचितच दिसतो. रुग्ण दिसतो, पण तो केवळ अभ्यासाचा विषय म्हणून. त्याच्या आजारासंबंधी कोणता प्रश्न विचारावा, नोंद कशाची ठेवावी आणि अखेरीस काय निष्पन्न झाले, यांपैकी कशातही त्याला वाटा नसतो.

गेल्या काही दशकांत आरोग्याच्या क्षेत्रात एक निराळी पद्धत रूढ होत आहे. तीत रुग्ण व सामान्य नागरिक स्वतः प्रश्न ठरवितात, नोंदी ठेवतात आणि निष्कर्ष काढण्यातही सहभागी होतात. तिला नागरिक-विज्ञान किंवा लोकसहभागी संशोधन असे म्हणतात. या कार्याचे पुढारपण करण्याची सर्वाधिक पात्रता स्थानिक वैद्य आणि औषधविक्रेते यांच्याकडे आहे, असे आमचे मत आहे. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागेल. गुण आल्याची नोंद ज्या तत्परतेने होते, त्याच तत्परतेने गुण न आल्याची आणि अपाय झाल्याचीही नोंद झाली पाहिजे.

ही कल्पना आपल्या शास्त्राला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात. परंतु एवढ्यावरून त्यांचा योग्य उपयोग कळतो असे नाही. लोकांचे ज्ञान आणि वैद्याची युक्ती यांचे नाते येथे नेमके सांगितले आहे. निदानपंचकातही उपशयाला स्वतंत्र स्थान आहे. ज्या व्याधीची लक्षणे गूढ असतात, तिची परीक्षा उपशय आणि अनुपशय या दोहोंनी करावी, असा शास्त्रादेश आहे. रुग्णाला काय सोसले आणि काय सोसले नाही, हे रुग्णावाचून दुसरे कोण सांगणार? त्याच्या सांगण्याला प्रमाणाचा दर्जा देणारे हे शास्त्र आहे. तरीही प्रत्यक्ष व्यवहारात उपशयाची जाहिरात होते आणि अनुपशय केसपेपरवरही उतरत नाही.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य कशात आहे, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एएलएस या व्याधीत चेष्टावह नाड्यांचा क्रमाने ऱ्हास होतो, स्नायू निर्बल होतात आणि शेवटी श्वसनही थांबते. एका कुटुंबातील तरुणाला ही व्याधी जडल्यावर त्याच्या भावांनी एका मित्राच्या साहाय्याने २००४ साली ‘पेशंट्सलाइकमी’ हा रुग्णांचा समुदाय इंटरनेटवर उभा केला. रुग्ण आपली लक्षणे, औषधे व मात्रा तेथे स्वतः नोंदवीत असत.

२००८ च्या आरंभी इटलीतील एका संशोधकगटाने लिथियममुळे ही व्याधी मंदावते, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यात लिथियम घेणारे रुग्ण होते अवघे १६ आणि तुलनेसाठी घेतलेले २८. पंधरा महिन्यांत लिथियम घेणाऱ्यांपैकी कोणीही दगावला नाही, तर दुसऱ्या गटातील सुमारे तीस टक्के रुग्ण दगावले. अशी वार्ता ऐकल्यावर असाध्य व्याधीचा रुग्ण वाट पाहत बसत नाही. शेकडो रुग्णांनी आपापल्या चिकित्सकांकडून लिथियम सुरू करून घेतले आणि त्यांतील अनेकांनी नियमित नोंदीही ठेवल्या. पुढे अशा १४९ रुग्णांच्या नोंदींचे विश्लेषण झाले. लिथियम सुरू करण्यापूर्वी ज्यांच्या व्याधीची गती सारखी होती, असे लिथियम न घेणारे रुग्ण प्रत्येकाच्या तुलनेसाठी निवडण्यात आले. २०११ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, बारा महिन्यांनंतर लिथियमचा कोणताही लाभ दिसला नाही. रीतसर झालेल्या चिकित्सालयीन चाचण्यांतूनही तेच दिसून आले.

ज्यांना औषध लागू पडावे अशी सर्वांत तीव्र इच्छा होती, त्यांच्याच नोंदींनी ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि ते उत्तर लपविले गेले नाही. आमच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व येथे आहे. जी पद्धत केवळ ‘होय’ म्हणू शकते, तिला संशोधन म्हणता येत नाही; ती प्रशस्तिपत्रांची फाईल होते.

असे काम इंटरनेटवाचूनही होते आणि आपल्याच महाराष्ट्रात झालेले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला आणि तो १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक विकार होते, पण त्यापूर्वी तशी तपासणी केवळ ८ टक्के स्त्रियांची झाली होती. स्त्रिया मूकपणे काय सोसत होत्या, हे विचारल्यावरच उघड झाले. पुढे १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग झाला. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांनी बालकांची वजने घेतली, लक्षणे नोंदविली, उपचार केले. ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. या प्रयोगात गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदविला गेला. मृत्यू वगळून वाचलेल्या बालकांचीच यादी ठेवली असती, तर हा निष्कर्ष कधीच निघाला नसता.

केवळ संख्या मोठी झाली म्हणजे पुरावा बळकट झाला असेही नाही. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, केंद्रीय आयुष मंत्रालयाने ‘आयुष संजीवनी’ हे मोबाइल अ‍ॅप सुरू केले. आयुष उपायांचा वापर आणि त्यांचा परिणाम यांविषयी ५० लाख लोकांकडून माहिती घेण्याचे उद्दिष्ट होते. लोक कोणते उपाय करतात, हे समजण्यासाठी असा प्रयत्न मोलाचाच. परंतु ज्याने काढा घेतला आणि जो निरोगी राहिला, त्याला काढ्याचा लाभ झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. काढा न घेताही निरोगी राहिलेल्यांशी तुलना केल्यावाचून लाभ सिद्ध होत नाही. लोकसहभागाला युक्तीची जोड हवी, ती अशासाठी.

आता आपल्या व्यवसायाशी थेट निगडित असलेल्या प्रकरणाकडे वळू. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईत यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांनी गुळवेल सेवन केली होती, असे वृत्त २०२१ साली यकृतरोगतज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. सेवन केलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती, याची रीतसर ओळख पटविली गेली नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या तिच्याशी साम्य असलेल्या वनस्पती यकृताला बाधक ठरू शकतात, असा मंत्रालयाचा मुद्दा होता. पुढे २०२२ मध्ये १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वप्रतिकारजन्य यकृतविकारासारखे रूप अधिक प्रमाणात आढळले, आणि वाद पुन्हा चिघळला.

या वादात कोणाचा पक्ष बरोबर, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. विचारणीय गोष्ट निराळी आहे. कांड कोणत्या वेलीचे होते? ते ताजे होते, चूर्ण होते की गोळी? मात्रा किती, अनुपान काय, किती दिवस घेतले? बरोबर आणखी कोणती औषधे होती? रुग्णास पूर्वी थायरॉइडचा वा अन्य स्वप्रतिकारजन्य विकार होता काय? या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत जन्मत नाहीत. ती रुग्णाच्या घरी, वैद्याच्या केसपेपरवर आणि दुकानदाराच्या बिलावर असतात. तेथे ती लिहिली गेली, तर असा वाद पुराव्याने मिटविता येईल. लिहिली गेली नाहीत, तर एका बाजूने भीती पसरेल, दुसऱ्या बाजूने निषेधाची पत्रके निघतील, आणि मधल्या मधे रुग्णाचा विश्वास उडेल.

यावर काही वैद्य असा आक्षेप घेतील की, आयुर्वेदीय चिकित्सा प्रकृती, अग्नी, कोष्ठ, देश आणि काल पाहून केली जाते. ती रकान्यांत बसत नाही. हा आक्षेप आदरणीय आहे, पण निर्णायक नाही. प्रकृती आणि अग्नी हेच रकाने का असू नयेत? लिथियमच्या अभ्यासातही प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्यासारख्याच गतीने ढासळणाऱ्या रुग्णांशी केली गेली. सर्वांना एकाच मापाने मोजले गेले नाही. व्यक्तिभेद मानणाऱ्या शास्त्राला तर नोंदींची गरज अधिक आहे. भेद लिहून ठेवल्यावाचून तो सिद्ध कसा होणार?

प्रारंभ लहान असावा. एका तालुक्यातील आठ-दहा वैद्य आणि तीन-चार औषधविक्रेते एकत्र आले तरी पुरे. प्रश्न एकच घ्यावा आणि तो रुग्णांसमवेत बसून ठरवावा. आमवाताचा रुग्ण पुष्कळदा सांध्याच्या सुजेपेक्षा सकाळी उठल्यावर स्वयंपाकाला किती वेळाने लागता येते, याची चिंता अधिक करतो. मोजणीत त्या चिंतेला स्थान असावे. निकषात बसणारा प्रत्येक रुग्ण आल्या क्रमाने नोंदवावा, निवडून निवडून नव्हे. रुग्णाकडे सोप्या मराठीतील पत्रक द्यावे आणि ते त्याने किंवा घरच्यांनी दर आठवड्याला भरावे. ज्याने औषध मधेच सोडले, त्याला विसरून न जाता सोडण्याचे कारण अवश्य विचारावे; कित्येकदा अनुपशय तेथेच दडलेला असतो. निष्कर्ष कोणताही निघो, तो प्रथम रुग्णांच्या सभेत सांगावा आणि मग प्रसिद्ध करावा.

नियमांची चौकटही उपलब्ध आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे मार्गदर्शक आहेत. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील नीतिसमितीची संमती घ्यावी. २००७ पासून कार्यरत असलेल्या भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, अभ्यासाची नोंद आरंभापूर्वीच करावी. म्हणजे नको असलेला निष्कर्ष मागाहून गाळण्याचा मोह उरत नाही. अपायाचा संशय आल्यास औषध दक्षता कार्यक्रमाकडे कळवावे. आयुर्वेदीय औषधांसाठी हा कार्यक्रम २००८ साली जामनगर येथून सुरू झाला आणि पुढे नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडे त्याच्या समन्वयाची जबाबदारी आली. कळविणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे, ही भावना वैद्यवर्गात रुजली पाहिजे.

औषधविक्रेत्या आणि रसशाळाचालक बंधूंना दोन शब्द स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. बॅच क्रमांक, कच्च्या मालाचे मूळ ठिकाण आणि प्रत्येक खेपेचा राखून ठेवलेला नमुना या तीन गोष्टी त्यांच्यावाचून कोणीच पुरवू शकत नाही. त्या दृष्टीने ते या कार्याचे आधारस्तंभ आहेत. परंतु ज्याचे औषध, त्याच्या हाती निष्कर्षाची लेखणी असू नये. अशा नोंदींतील चार अनुकूल ओळी उचलून जाहिरात करणे हा रुग्णांचा विश्वासघात ठरेल, आणि काही रोगांच्या बाबतीत १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याचा भंगही.

माहितीची मालकी हाही नाजूक प्रश्न आहे. वर उल्लेखिलेला अमेरिकन समुदाय रुग्णांची माहिती औषध कंपन्यांना विकून चालत असे, आणि तसे तो रुग्णांना उघडपणे सांगतही असे. तरीही २०१९ साली ती कंपनी एका बड्या आरोग्यविमा समूहाकडे गेली. ज्यांनी एकमेकांच्या मदतीसाठी आपले दुखणे लिहिले, त्यांच्या नोंदींचा धनी त्यांना न विचारता बदलला. आपल्याकडे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. परंतु कायद्याच्या आधी वैद्याचे शील आहे. नाव-पत्ता वेगळा ठेवावा, संमती लेखी व समजेल अशा भाषेत घ्यावी, आणि नोंदी कोणत्याही व्यापारी हेतूने दिल्या जाणार नाहीत, असे आरंभीच लिहून द्यावे.

आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी पुढील तिमाहीत प्रत्येकी निदान एक असा गट स्थापन करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. एक वही, छापील पत्रके, चिकाटी आणि प्रतिकूल उत्तर ऐकण्याची तयारी एवढे भांडवल पुरेसे आहे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ आहे. म्हणून सभासदांनी गटात नाव देण्यापूर्वी तिचाच विचार प्रथम करावा.