विमानतळ तेथे एस.टी.!

(द्वितीय वर्ष, कला)

1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे 'रस्ता तेथे एस.टी.' हे ब्रीदच झाले आणि डोंगरातल्या वाडीचा पोरगाही तालुक्याच्या शाळेत पोहोचला. विमानतळाचा विषय निघाला की मात्र हे ब्रीद आपण विसरतो. धावपट्टी किती लांब, छत किती उंच, खर्च किती कोटी, यावर अग्रलेख लिहिले जातात. विमानातून उतरलेला माणूस पुढे घरी कसा जातो, हे फारसे कोणी विचारत नाही. माझे मत असे आहे की विमानतळ कोणासाठी बांधला, हे त्याच्या दारातल्या बसथांब्यावरून ओळखावे.

कोणी म्हणेल, विमानाने येणाऱ्याला बस कशाला हवी? ज्याला तिकीट परवडते, त्याला टॅक्सी परवडत नाही काय? हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा आमच्या कोकणात यावे. खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन या तालुक्यांतली कितीतरी घरे आखाती देशांतल्या कमाईवर उभी आहेत. माझे काका मस्कतला सेंट्रिंगचे काम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि माझी फी त्यांच्याच घामाची आहे. दोन वर्षांतून एकदा ते येतात, तेही रात्रीच्या विमानाने. हातात दोरीने बांधलेला खोका असतो. त्यांना आणायला गावातून जीप करावी लागते. ती रात्रभर उभी राहते आणि तिचे भाडे आधी ठरलेले असते. काका घरात पाऊल टाकतात तेव्हा त्यांच्या सुट्टीतला पहिला खर्च होऊन गेलेला असतो. आजी त्या भाड्याचा आकडा पुढच्या खेपेपर्यंत विसरत नाही. अशा माणसाला श्रीमंत म्हणायचे काय?

शिवाय विमानतळावर केवळ प्रवासी नसतात. सामान चढवणारे, फरशी पुसणारे, उपाहारगृहात भांडी घासणारे, पहाऱ्यावर उभे राहणारे असे हजारो लोक तिथे तीन पाळ्यांत राबतात. त्यांतील कोणी विमानाच्या तिकिटाच्या जोरावर तिथे आलेला नसतो. रात्रीची पाळी सुटल्यावर ते कशाने घरी जातात, याचा विचार नको काय?

मुंबईचेच पाहा. शहरात रिक्षा आहे, पण वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिणेकडे तिला मज्जाव आहे. त्यामुळे सहारहून परळच्या एस.टी. स्थानकावर जायचे तर रिक्षाचा उपयोग नाही. भूमिगत मेट्रो 2024 साली विमानतळापर्यंत आली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये थेट कफ परेडपर्यंत गेली. ही मोठीच सोय झाली, तिचे स्वागत केले पाहिजे. पण मेट्रो रात्री झोपते, आणि कोकणाच्या वाटेला तर ती लागतच नाही. तिथे बसला पर्याय नाही. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे 9 मे 2025 पासून 5 रुपयांवरून 10 रुपये झाले, तरीही या महानगरात दहा रुपयांत माणसाला सन्मानाने बसवून नेणारे दुसरे वाहन कोणते?

हे अशक्य आहे असेही नाही. बंगळूरचा नवा विमानतळ 2008 साली शहरापासून सुमारे 35 किलोमीटरवर सुरू झाला. त्याच वर्षी तिथल्या महानगर परिवहनाने 'वायू वज्र' नावाच्या बसगाड्या सोडल्या. शहराच्या निरनिराळ्या भागांत जाणाऱ्या या गाड्या रात्रीही धावतात. आपल्या शेजारच्या गोव्यात मोपा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला. तिथून कदंबच्या बसगाड्या पणजी, मडगावकडे जातात. म्हणजे प्रश्न पैशांचा असला तरी त्याआधी तो इच्छेचा आहे.

पैशांचे म्हणाल तर 2016 साली केंद्र सरकारने 'उडान' योजना आणली आणि तासाभराच्या उड्डाणात काही जागांचे भाडे सुरुवातीला 2500 रुपयांपर्यंत बांधून दिले. सामान्य माणसाने उडावे म्हणून सरकार आकाशात पदरमोड करते. मग तोच माणूस जमिनीवर आला की त्याला वाऱ्यावर का सोडावे? बस रिकामी धावते, तोटा होतो, असे सांगितले जाते. पण बसची वेळ विमानाच्या वेळेशी जुळत नसेल, थांबा दारापासून लांब असेल, तो दाखवणारी पाटी नसेल आणि आत खोका ठेवायला जागा नसेल, तर बस रिकामीच जाणार! आमच्या वाडीची पहिली एस.टी.ही आरंभी रिकामीच यायची, असे वडील सांगतात. ती येत राहिली म्हणून लोक बसू लागले.

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला तेथून विमाने उडू लागली. भूमिपुत्रांसाठी आयुष्यभर झगडलेल्या लोकनेते दि. बा. पाटलांच्या नावासाठी तिथली गावे रस्त्यावर उतरली होती. जवळच पनवेल आहे, कोकणच्या एस.टी.चे महाद्वार. या विमानतळाची परीक्षा मी एकाच प्रश्नाने घेईन. दिवसा वा रात्री, कोणत्याही वेळी उतरलेला माणूस खासगी गाडी न करता पनवेलच्या स्टँडवर पोहोचतो काय? त्यासाठी फार काही लागत नाही. बाहेर पडण्याच्या दारासमोर थांबा हवा, त्यावर मराठीत ठळक पाटी आणि वेळापत्रक हवे, सामानाला जागा असलेली बस हवी, आणि पहाटेच्या पहिल्या एस.टी.शी तिची वेळ जुळलेली हवी.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. विमान बांधणे आपल्याला येत नाही, पूलही बांधता येत नाही. पण सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सोयीबद्दल 'ही कोणाच्या उपयोगाची?' असे विचारण्याचे शिक्षण आपल्याला अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या तासाला मिळते. ते उत्तरपत्रिकेतच संपू नये. आपापल्या ग्रामपंचायतीतून, आमदारांकडे, परिवहन खात्याकडे या एका बसची मागणी जाऊ द्या. विमानातून उतरणारा अर्धा गाव आपलाच आहे, आणि त्याला घरी आणणे हे एस.टी.चे जुनेच काम आहे.