ताई 'डिपेंडंट' झाली!

माझी मावसबहीण बी.ई. फर्स्ट क्लास, पुण्यात दोन वर्षं नोकरी. एच-वनवाल्याशी लग्न करून अमेरिकेला गेली अन् एच-फोर व्हिसावर 'डिपेंडंट' झाली! नोकरीला बंदी. २०१५ पासून परमिट मिळतं, पण नवऱ्याचं ग्रीनकार्डाचं प्रकरण बरंच पुढं सरकलेलं असेल तरच. ताई अजून थांबलीये. इकडं मावशीचा गल्लीतला भाव मात्र दुप्पट!

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्यांच्या नव्या एच-वन अर्जांवर एक लाख डॉलर फी लागली, तेव्हा आमची अख्खी मेस हळहळली. पगार बुडाला म्हणून! बायकोची डिग्री बुडते, त्याचं कुणाला काय? मला तर हा नियम सरळसरळ अन्याय वाटतो. पण 'अमेरिकेचं स्थळ' ऐकून खूश होणारे आपले आईबाप 'तिथं पोरीला नोकरी करता येईल का?' एवढं तरी विचारतात का? ताईच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.