यंत्र दिले, शब्द कोण देणार?

पनवेलच्या एसटी स्थानकावर गाडीची घोषणा होते. श्रवणयंत्र लावलेल्या आमच्या बांधवाला मात्र ऐकू येतो तो निव्वळ गोंगाट. कारण यंत्र शब्दाबरोबर भोवतालचा गोंगाटही मोठा करते. केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्रे वाटली, फोटो काढले, की शासनाचे कर्तव्य संपले काय? तिकीट खिडकीवर, सभागृहात इंडक्शन लूप बसविली, तर टी-कॉइल असलेल्या यंत्रात माईकवरचा शब्द थेट पोहोचतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता हा हक्क ठरविला आहे, उपकार नव्हे. पनवेल महापालिकेने आपल्या सभागृहापासून सुरुवात करावी. आणि आपण? जयंतीच्या सभेत कर्ण्यांचा कल्लोळ आवरून या बांधवांना पुढची जागा देतो काय? बाबासाहेबांचा विचार त्यांच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर दोष त्यांच्या कानांचा नाही, आपला आहे.