कवीच्या घराचे देऊळ करू नका

दरवर्षी 27 फेब्रुवारीला नाशिकच्या टिळकवाडीतील वि. वा. शिरवाडकरांच्या निवासस्थानी अभिवादनासाठी रीघ लागते. हार चढतात, मराठीच्या थोरवीचे गोडवे गाइले जातात, 1987 सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचा उच्चार होतो. घर जतन झाले ही आनंदाचीच गोष्ट होय. आपल्याकडे सरदाराचा वाडा टिकतो आणि लेखकाचे घर बिल्डरच्या घशात जाते. आमचा आक्षेप आहे तो भक्तिभावाला. हात जोडून, नजर खाली घालून जे पाहिले जाते त्याचे देऊळ होते, आणि देवळात कोणी प्रश्न विचारीत नाही.

त्यातून हे घर अशा माणसाचे, जो ऐन विशीत देवळाच्या बंद दाराशी उभा राहिला! 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतील काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालविला. दगड खाल्ले, तुरुंग भोगला. 1932 साली तरुण शिरवाडकर त्यात सामील झाले. दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे हे बंद दारही होते.

अभिवादनाच्या भाषणांत यातले कितीसे येते? प्रस्थापितांना कुसुमाग्रज सोयीचे वाटतात, सत्याग्रही शिरवाडकर अडचणीचे. उतारवयात, 1990 साली, प्रतिष्ठान स्थापन करताना त्यांनी आदिवासींच्या प्रश्नांकडे लक्ष वळविले, हेही सोयीस्करपणे विसरले जाते. 2018 साली मराठीचा गौरव दिन उलटून आठवडा होतो न होतो तोच, 6 मार्चला, याच शहरातून हजारो आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी पायी मुंबईला निघाले. त्यांच्या पायांचे फोड साऱ्या देशाने पाहिले. त्यांच्या कोकणा-वारली बोलींना या गौरवात कोणते स्थान आहे, हे हारवाल्यांनी सांगावे.

नाशिकच्या साथींनी पुढच्या 27 फेब्रुवारीला हार नेऊच नयेत. सातपूरचे कामगार आणि पेठ-सुरगाण्याची शाळकरी मुले यांना बरोबर घेऊन हे घर पाहावे, तेथून गोदावरी ओलांडून काळारामाच्या दारापर्यंत चालत जावे आणि 1932 ची हकिकत तेथे उभे राहून सांगावी.