पाटीवर नाव कुणाचं?

दोस्तांनो,

बीडहून सोलापूरकडे निघालात, की वाटेत वाशी तालुक्यात सरमकुंडी फाटा लागतो. तिथला पेढा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खाल्ला असेल. कुंथलगिरीच्या आसपासच्या या भागात गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत. पेढा जिभेवर विरघळतो तेव्हा आपल्याला साखर आठवते, वेलची आठवते. पण कढईशी उभं राहून दूध आटवणारा माणूस काही आठवत नाही.

या वेळी त्याच माणसाचं, म्हणजे खरं तर मुलाचं, पत्र आलं आहे. भूम तालुक्यातला हा वाचक अकरावी शास्त्र शाखेत शिकतो. नाव छापू नका म्हणालाय, म्हणून छापत नाही. तो लिहितो की घरची भट्टी आहे, वर्गातली पोरं ‘ए खवेवाल्या’ म्हणून चिडवतात. त्याला एम.एस्सी. करायचंय, कॉलेजात प्राध्यापक व्हायचंय. पण भट्टीही सोडायची नाही. त्याचा प्रश्न असा, की ही दोन कामं एका माणसाला जमतात का? का भट्टी हे न शिकलेल्यांचं काम?

शेवटी एक ओळ त्यानं सहज लिहून टाकलीय. ‘मी अभ्यासाला बसलो की ताई भट्टीवर बसते, तिची शाळा दहावीनंतर सुटली.’ या ओळीकडे आपण नंतर येऊ. आधी प्रश्नाचं उत्तर.

मित्रा, जमतात. तुझ्याआधी जमवलेली माणसं आहेत. त्यातला एक तर चक्क मास्तर होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून हा मुलगा मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेला. तिथं कळलं, की त्याला काही रंगांतला फरकच नीट ओळखता येत नाही! झालं, चित्रकला संपली. पण रेघ तर उत्तम येत होती. मग तो यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवू लागला.

त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली, घेतली, शिकले, आणि डोक्यात धंदा आला. त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा बेळगावला होते. १८८८ साली तिथं सायकलचं दुकान निघालं. धाकट्यानं मुंबईत वर्गावर शिकवायचं आणि सायकली बेळगावला पाठवायच्या. थोरल्यानं त्या विकायच्या, आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं! त्याचे पैसे निराळे हं. पडल्यावर खरचटायचं ते मात्र फुकट.

अशी नोकरी आणि दुकान काही वर्षं शेजारी शेजारी चाललं. पुढे बढतीची वेळ आली, ती दुसऱ्याला दिली गेली. तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. वर्गात फळ्यावर काढलेली यंत्रं आता लोखंडात उतरू लागली. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, ‘लोखंडानं जमिनीला विष लागेल.’ पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पण माणूस हटला नाही. १९१० साली औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली.

म्हणजे बघ, शिकणं धंद्याच्या आड आलं नाही, उलट धंद्यात उतरलं. तुझंही तसंच आहे. कढईतलं दूध सारखं का ढवळायचं? तळाशी ते करपतं म्हणून, हे तुझ्या आजीलाही ठाऊक आहे. पण ते का करपतं, त्यातली साखर आणि प्रथिनं तापल्यावर काय करतात, हे तुझं रसायनशास्त्र सांगेल. खवेवाला म्हणणाऱ्यांना एकदा विचार, ‘पाच लिटर म्हशीच्या दुधाचा खवा साधारण एक किलोच का भरतो रे?’ उरलेलं वजन कुठं गेलं, हे त्यांनी वाफेकडे बोट दाखवून सांगितलं, तर त्यांनाही पेढा दे.

तिकडे कलकत्त्याला आणखी एक प्राध्यापक होते, प्रफुल्लचंद्र राय. प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. १८९२ च्या सुमारास, सातशे रुपयांच्या भांडवलावर, राहत्या भाड्याच्या घरात त्यांनी औषधं आणि रसायनं करायला सुरुवात केली. त्यासाठी जनावरांची हाडं लागत. ती वाळत घातली घराच्या गच्चीवर. नेमका पाऊस आला, हाडं कुजली, कावळे तुकडे उचलून शेजाऱ्यांच्या घरावर टाकू लागले. शेजारी खवळले! त्याच घरगुती कारखान्याची १९०१ साली बेंगाल केमिकल ही कंपनी झाली.

आता मी म्हणालो होतो त्या ओळीकडे येऊ.

या दोन्ही गोष्टी लोक सांगतात तेव्हा एकट्या लक्ष्मणरावांची आणि एकट्या रायबाबूंची म्हणून सांगतात. पण नीट बघा. लक्ष्मणराव मुंबईत फळ्यापुढे उभे असत, तेव्हा बेळगावच्या दुकानात कोण उभं असे? रामूअण्णा. रायबाबू कॉलेजात असत, तेव्हा त्यांची औषधं डॉक्टरांच्या गळी कोण उतरवी? त्यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बोस. एका माणसाला एका वेळी दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. नोकरी सांभाळून धंदा केला म्हणतात, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी त्या वेळेत धंदा सांभाळलेला असतो.

तो दुसरा कोण, हे मोठ्यानं सांगायला हवं. किर्लोस्करांच्या घरी ते सांगितलं गेलं. दुकानाचं नाव काय होतं ठाऊक आहे? किर्लोस्कर ब्रदर्स. ‘ब्रदर्स’ म्हणजे बंधू, दोघेही. तेच नाव आजही त्या कंपनीला आहे.

आता माझी गोष्ट. मी कॉलेजात होतो तेव्हा आमचं किराणा दुकान थोरली बहीण बघायची. माझा निकाल लागला तेव्हा वडिलांनी गावभर पेढे वाटले, पुडे तिनंच बांधले. सगळे म्हणाले, ‘पोरानं नाव काढलं.’ तिचं नाव कुणी काढलं नाही. मीसुद्धा नाही. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि उशिरा कळलेली गोष्ट पुस्तकातल्या चुकीसारखी रबरानं खोडता येत नाही.

म्हणून मित्रा, तुझ्या बाबतीत उशीर नको. उद्याच एक वही घे. रोज दूध किती लागलं, सरपण किती जळलं, खवा किती निघाला, भाव काय मिळाला, हे चार रकाने पाड. मग पाचवा रकाना: कुणी किती तास काम केलं. आई, बाबा, ताई, तू. महिनाभर लिही. बाकीचे रकाने नफा-तोटा सांगतील. पाचवा रकाना सांगेल, की तुझा अभ्यास कुणाच्या तासांवर चाललाय.

ताई कमी शिकली म्हणून भट्टीवर आहे, असं तुला वाटतं. की भट्टीवर होती म्हणून कमी शिकली? तिला विचार. तिला पुढं शिकायचं असेल, तर बाहेरून बारावीला बसता येतं, त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. तो कधी भरायचा ते जवळच्या ज्युनिअर कॉलेजात विचारून ये. तिला भट्टीच वाढवायची असेल तर तेही उत्तम. मग ती धंद्यातली भागीदार, मदतनीस नव्हे.

आणखी एक. उद्या तू नोकरीला लागलास तर तिथले नियम आधी वाच. सरकारी नोकरांना परवानगीवाचून खाजगी धंदा करता येत नाही. त्यावर लोक तोडगा काढतात, पाटी बहिणीच्या किंवा बायकोच्या नावाची आणि गल्ला आपल्या हातात. ते खोटं. पाटी तिची तर गल्ला तिचा, आणि निर्णयही तिचाच.

पालकांनाही दोन शब्द. किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकणाऱ्यांत भाऊराव पाटील नावाचा एक तरुण होता. त्यानंच १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ उभं केलं. त्यात एकानं कमवायचं आणि दुसऱ्यानं शिकायचं, असं नव्हतं. कमवणाऱ्यानंच शिकायचं होतं. घरी काम करण्यात कमीपणा काहीच नाही. पण शाळेच्या वेळी आणि परीक्षेच्या दिवसांत पोरांना, आणि पोरींनाही, कढईपासून सोडा. दूध आटून खवा होतो. बालपण आटलं तर त्याचं काहीच होत नाही.

तर दोस्तांनो, या आठवड्याचं काम. तुमच्या घरात तुमच्या अभ्यासाच्या वेळी तुमच्या वाटचं काम कोण करतं, त्याचं नाव लिहून पाठवा. कारण लिहायला नको, नुसतं नाव. आणि पाठवण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा.

तुमचा,
काका