श्रद्धा लपवू नये, लादूही नये

उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवात, जानेवारी 2020 मध्ये भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा महाराष्ट्रात एक प्रश्न उघडपणे विचारला गेला. चर्चच्या वेदीपाशी उभ्या राहणाऱ्या धर्मगुरूने सारस्वताच्या व्यासपीठावर का बसावे? विरोध झाला, धमक्यांचे दूरध्वनी आले. तरीही संमेलन पार पडले. फादर जुलै 2024 मध्ये निवर्तले. प्रश्न मात्र मागे राहिला आहे, आणि तो एका व्यक्तीपुरता नाही. ज्याची ख्रिस्तावर श्रद्धा आहे त्याने ती चारचौघांत बोलून दाखवावी काय, आणि दाखवावी तर कोणत्या रीतीने, हा तो प्रश्न होय.

आपल्या पालघर जिल्ह्याला या प्रश्नाची तीनही रूपे परिचित आहेत. दक्षिणेस वसई, तेथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज अमदानीपासूनचा, आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावरही आपल्या शेतीवाडीसह व बोलीसह टिकलेला. पूर्वेस व उत्तरेस जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू हे आदिवासी तालुके. तेथे प्रार्थनासभा भरली की कुजबूज सुरू होते. आणि मध्ये बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. तिने नाना प्रांतांची माणसे आणून बेटेगावसारख्या गावांच्या शेजारी वसविली. एकाच इमारतीत एका घरी आरती आणि दुसऱ्या घरी रविवारची प्रार्थना चालावी, हे येथील नित्याचे जीवन झाले आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य शासनाने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली बळजबरीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हापासून या शेजारावर संशयाची छाया अधिक गडद झाली, हे मान्य केले पाहिजे.

हा संशय सर्वस्वी निराधार आहे असे इतिहास सांगत नाही. गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय आले. 1684 साली तर लोकांची कोकणी बोली मोडून काढण्याचा हुकूम पोर्तुगीज सत्तेने काढला. तलवारीच्या आश्रयाने आलेल्या धर्माची आठवण समाज सहजासहजी विसरत नाही. परंतु त्याच गोव्यात 1616 साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. या परदेशी पाद्र्याने येथील भाषा शिकून सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि मराठीची थोरवी मुक्त कंठाने गाइली. एकाच भूमीत श्रद्धेच्या या दोन वाटा दिसतात. एक वाट हुकमाची, दुसरी आर्जवाची. पहिलीने जखमा ठेवल्या; दुसरीने वाङ्मय ठेवले.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही दुसरी वाट अधिक प्रशस्त केली. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तस्वकीयांवर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई पतीच्या पाठोपाठ लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या आपल्या बुद्धीने व आपल्या वेळी, काही वर्षांनी त्या निर्णयाला आल्या. घरातल्या माणसालाही असा अवकाश द्यावा लागतो, हा त्या संसाराचा मोठा धडा आहे. टिळकांनी आपली श्रद्धा अभंगांत आणि भजनांत सांगितली. अखेरीस मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. फादर दिब्रिटो याच परंपरेतले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते आणि ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत आणले. पण वसईची शेतजमीन व पाणी वाचविण्याच्या हरित वसईच्या लढ्यातही दहशतीला न जुमानता ते उभे राहिले. त्या लढ्यात त्यांच्या बरोबर उभे राहण्यासाठी कोणालाही आपला धर्म बदलावा लागला नाही.

कायद्याची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. घटनेच्या 25 व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचाही हक्क दिलेला आहे. हा शब्द घटना समितीत 6 डिसेंबर 1948 रोजी साधकबाधक चर्चेनंतर ठेवला गेला, आणि कन्हैयालाल मुनशींनी त्याची पाठराखण केली. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यास सांगण्याचा हक्क याचा अर्थ दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क असा होत नाही. सांगण्याचा अधिकार सांगणाराचा. स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार सर्वस्वी ऐकणाराचा. याहून अधिक समंजस वाटणी आम्हांस सुचत नाही.

आदिवासी पाड्यांत मात्र केवळ कायद्याने भागणारे नाही. तेथे कणसरी आणि वाघोबा ही दैवते शेताशी, रानाशी आणि गावाच्या एकोप्याशी बांधलेली आहेत. नव्या श्रद्धेने आलेला मनुष्य जुन्या देवांची निंदा करू लागला, गावाच्या सणातून अंग काढू लागला, की भावकी दुभंगते. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्म बदलल्याने जात नाही. तो काढून घ्यावा अशी मागणी होत असल्याने या दुफळीला पोटापाण्याच्या भांडणाची धार येते. म्हणून प्रचारकाने स्वतःस काही प्रश्न विचारले पाहिजेत. आपण कोण व कशासाठी आलो, हे पहिल्याच दिवशी सांगितले काय? औषध, शाळा वा धान्य देताना त्यामागे प्रार्थनेची अट ठेवली काय? आणि ज्याने नकार दिला, त्याच्या दुखण्याखुपण्यात आपण पूर्वीइतक्याच आस्थेने धावून जातो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तरच त्या प्रेमाला प्रेम म्हणता येईल.

पण बहुसंख्य समाजाचेही एक कर्तव्य आहे. धाकदपटशा आणि फसवणूक यांचा बंदोबस्त करण्यास पोलीस व न्यायालये आहेत. प्रार्थनासभेचे दार ठोठावणाऱ्या जमावास तो अधिकार कोणी दिलेला नाही. शेजाऱ्याने उघड्या दाराने केलेली प्रार्थना ज्यांस खपत नाही, ते त्याला दार लावून घेण्यास भाग पाडतात, आणि मग बंद दाराआड काय चालते म्हणून पुन्हा तेच विचारतात. वारकऱ्याने रस्त्यावरून नामघोष करीत जावे आणि ख्रिस्ती माणसाने आपल्या प्रभूचे नाव दबक्या आवाजात घ्यावे, हा न्याय संतांच्या महाराष्ट्राला शोभणारा नाही. श्रद्धा मोकळेपणाने सांगता येते तेथेच ती मोकळेपणाने नाकारताही येते. ही दोन्ही स्वातंत्र्ये एकत्र जगतात, आणि एकीचा गळा घोटला तर दुसरीही फार काळ श्वास घेऊ शकत नाही.