ब्रश महाग की मेहनत स्वस्त?

मागच्या शाबान महिन्यातली गोष्ट. रमजान तोंडावर आला की आपल्याकडे निकाहांची एकच घाई उडते. त्या गडबडीत एका संध्याकाळी माझी भाची घरी आली. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग हळूच म्हणाली, "खाला, साडेसहा हजार रुपये उसने मिळतील का? सीझन संपला की परत करते."

"एवढे कशाला गं?"

"तीन ब्रश घ्यायचेत. मेकअपचे."

मी हसले. तीन ब्रशांना साडेसहा हजार! मिरजेच्या बाजारात दीडशे-दोनशे रुपयांत बारा ब्रशांचा सेट मिळतो, वर रेक्झिनचं पाकीटही मिळतं. मी तिला थोडं ऐकवलंही. इस्राफ म्हणजे काय, गरज आणि हौस यांत फरक काय, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "अब्बांनीपण हेच सांगितलं."

तिचे अब्बा म्हणजे माझे दुल्हेभाई. त्यांचे शब्द मला नंतर आपाकडून कळले. "ये इत्तेसे बालां के साडेछे हजार? फुजूलखर्ची है ये!" आमच्या घरातल्या दखनीत हा शब्द रोज कुणावर ना कुणावर पडत असतो. बहुतेक वेळा बाईवर.

भाचीने पार्लरचा कोर्स केला, पण स्वतःचं दुकान टाकायला पैसे नव्हते. म्हणून ती घरोघर जाऊन दुल्हनचा मेकअप करते. मिरज, सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी. स्कूटी, एक मोठी बॅग आणि फोन, एवढंच तिचं दुकान. काम बायकांतलं, म्हणून घरातून परवानगीही लवकर मिळाली. तिच्या भावाच्या डिप्लोमाची निम्मी फी याच कामातून जाते. तरी घरात तिच्या कमाईला आजही "तिचा हातखर्च" म्हणतात.

आठवड्याभरात आमच्याच नात्यातलं एक लग्न निघालं. दुल्हनचा मेकअप भाचीकडे होता आणि मी तिच्या मदतीला गेले. हॉलच्या मागची खोली, एक पंखा, बाहेर ऊन. फाउंडेशन लावून झालं आणि पावडरचा ब्रश फिरवला तसे दोन केस ब्रशमधून सुटून दुल्हनच्या गालावर चिकटले. चिमट्याने केस काढले, तर तेवढ्या जागेचं फाउंडेशनही निघालं. पुन्हा लावलं, तर तिथे थर जाड दिसू लागला. बाहेरून निरोपावर निरोप, काजीसाहेब आलेत. भाचीच्या कपाळावर दुल्हनपेक्षा जास्त घाम. शेवटी सगळं निभावलं, पण दुल्हनच्या खालाने पैसे देताना पाचशे रुपये कमी दिले. "गालावर डाग दिसत होता," म्हणाल्या.

दीडशे रुपयांच्या सेटने एका दुपारी पाचशे रुपये खाल्ले. घरी परतताना मी गप्पच होते. आपण ऐकवलेलं इस्राफचं भाषण आठवत होतं.

मग या ब्रशांत नक्की काय असतं, हे मी समजून घ्यायचं ठरवलं. ब्रशचे भाग तीनच: केस, ते पकडून ठेवणारी धातूची नळी आणि दांडा. बहुतेक सगळी लबाडी त्या नळीत होते. केस आत गोंदाने बसवलेले असतात. गोंद कमी किंवा हलका असला, नळी नीट दाबलेली नसली, की केस गळतात. दुसरी गोष्ट केसांच्या टोकांची. स्वस्त ब्रशला गोल आकार द्यायला केस बसवल्यावर वरून कात्रीने सारखे करतात. कापलेलं टोक बोथट असतं, ते गालाला टोचतं आणि पावडर सारखी पसरवत नाही. चांगल्या ब्रशात टोकं कापत नाहीत. केस आधी आकारात रचतात, मग बांधतात.

या कामात जगात नाव आहे ते जपानच्या हिरोशिमा प्रांतातल्या कुमानो या गावाचं. डोंगरांनी वेढलेलं, शेती जेमतेम असलेलं गाव. शेतीचा हंगाम संपला की तिथले लोक बाहेरगावी मजुरीला जात आणि परतताना नारा भागातून लिहिण्याचे ब्रश आणून विकत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी ते स्वतःच बनवायला घेतले. पुढे हाताने लिहिणं कमी झालं, तेव्हा तेच हात मेकअपच्या ब्रशांकडे वळले. आज जपानमधले बहुतांश ब्रश या एका गावात बनतात. 2011 साली जपानच्या महिला फुटबॉल संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारने सन्मानासोबत खेळाडूंना भेट दिले ते कुमानोचे मेकअप ब्रश. तिथला एकेक ब्रश आपल्या पैशांत काही हजारांना पडतो. त्यात कारागिराचं कसब आहे, तसं नावाचंही मोल आहे, हे मान्य करायला हवं.

आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात आणखी एक प्रश्न येईल: केस कुणाचे? भारी ब्रशांत बकरीचे, घोड्याचे, खारीचे केस वापरतात. डुकराचे राठ केस मुख्यतः भिंतीच्या आणि चित्राच्या रंगाच्या ब्रशांत असतात. 2017 मध्ये मलेशियात डुकराच्या केसांचे असल्याच्या संशयावरून दोन हजारांवर ब्रश जप्त झाले होते, कारण तिथे अशा मालावर तसं लिहिणं बंधनकारक आहे. मी इथे फिकहच्या बारकाव्यांत शिरत नाही. एवढंच सांगते की विचारणं हा ग्राहकाचा हक्क आहे. ज्यांना हा प्रश्न नकोच, त्यांच्यासाठी कृत्रिम धाग्यांचे ब्रश आहेत आणि ते काही कमी प्रतीचे नसतात. फाउंडेशनसारख्या ओल्या वस्तूंना तर तेच बरे, कारण ते ओलं शोषून घेत नाहीत आणि लवकर धुतले जातात. जनावराच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत कोरडी पावडर धरली जाते. म्हणून पावडरीला तो केस चांगला म्हणतात. पण आता त्या कामाचे कृत्रिम ब्रशही चांगले निघाले आहेत.

एवढं कळल्यावर मी हिशेब मांडला. भाची वर्षाला साधारण साठ दुल्हन सजवते. बावीसशे रुपयांचा पावडरचा ब्रश नीट सांभाळला आणि पाच वर्षं चालला, तर तीनशे चेहरे होतात. म्हणजे चेहऱ्यामागे सात रुपये आणि थोडे पैसे. स्वस्तातला सेट तिच्या हातात तीन महिन्यांत गळायला लागतो. वर्षाला चार सेट, पाच वर्षांत वीस. दोनशेने धरले तरी चार हजार, म्हणजे चेहऱ्यामागे तेरा रुपये. सेटमध्ये ब्रश बारा असतात हे खरं, पण त्यातले तीनच वापरात येतात, बाकीचे पाकिटातच राहतात. कापून घेतलेले पाचशे रुपये तर मी यात धरलेच नाहीत.

आता माझा हिशेब. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या वलीम्यासाठी मीही अठराशेचा ब्रश ऑनलाइन मागवला होता. ईद, लग्नं, एखादा कार्यक्रम मिळून आजवर नऊ वेळा वापरला. एका वेळेचे दोनशे रुपये! तो कपाटात आहे, पाकिटासकट. इस्राफवर भाषण ज्या बाईने दिलं, तिच्याच कपाटात. माझ्यासारख्या घरगुती वापराच्या बाईला महाग ब्रशची गरज नाही, हे मी अनुभवाने सांगते. फाउंडेशन बोटांनीही छान लागतं. पावडरीला तीन-चारशेचा एक बरा ब्रश पुरतो.

हा हिशेब घेऊन मी आपाकडे गेले. भाचीने मैत्रिणीकडून तिन्ही ब्रश दाखवायला आणून ठेवले होते. दुल्हेभाई कामावरून नुकतेच आले होते.

दुल्हेभाई सतारीच्या कारखान्यात काम करतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. हत्यारं बनवणाऱ्या शिकलगारांचे हात इथे वाद्यांकडे वळले, ही आमच्या गावाची जुनी ओळख. दुल्हेभाईंचं काम जवारीचं. घोडीचा माथा कानशीने अगदी हलका घासत जायचं, तारेतून हवा तो नाद निघेपर्यंत. एक घास जास्त पडला की काम पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या कानशी एका पत्र्याच्या डब्यात कापडात गुंडाळलेल्या असतात. घरात कुणी त्यांना हात लावत नाही. त्यातली एक त्यांनी मुंबईहून मागवली होती, आठवड्याच्या मजुरीहून जास्त पैसे देऊन. तेव्हा घरात फुजूलखर्ची हा शब्द कुणी काढला नव्हता.

मी तेच विचारलं. "दुल्हेभाई, ती कानस फुजूल होती का?"

"वो तो औजार है," ते लगेच म्हणाले.

"आणि हे?"

ते काही बोलले नाहीत. चष्मा लावला, एक ब्रश उचलला. अंगठ्याने केस उलटसुलट फिरवून पाहिले. नळी धरून दांडा हलवला. मग हाताच्या पाठीवर दाबून पाहिला. घरात सगळे गप्प. पहिला त्यांनी बाजूला ठेवला: "ये अच्छा है." दुसऱ्याची नळी सैल होती, तो नापास. तिसरा सगळ्यांत महाग, चकचकीत दांड्याचा. त्याचे केस त्यांनी डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, टोकं कापलेली आहेत, हे पैसे दांड्याचे आहेत.

मला वाटतं, त्या दहा मिनिटांत त्यांनी मुलीच्या कामाकडे पहिल्यांदा काम म्हणून पाहिलं. तोवर ते त्यांच्या लेखी नटण्यामुरडण्यातलं काहीतरी होतं. औजार म्हणून हातात घेतल्याबरोबर त्यांना तीनपैकी कोणता घ्यावा हेही कळलं, आणि कोणते घेऊ नयेत हेही.

मग भाचीनेच एक गोष्ट सांगितली, जी ना माझ्या हिशेबात होती ना त्यांच्या तपासणीत. सीझनमध्ये चार दिवसांत तीन लग्नं असतात. ब्रश धुतला तर वाळत नाही, न धुता वापरला तर एकीच्या चेहऱ्यावरचं दुसरीच्या चेहऱ्यावर जातं. मागच्या वर्षी एका मुलीच्या गालावर पुरळ आलं, तेव्हापासून तिला याची धास्ती आहे. म्हणजे तिची खरी अडचण जोडीची होती. कितीही महाग ब्रश असला तरी ओला असेल तर उपयोग काय? शेवटी ठरलं ते असं: पास झालेला बावीसशेचा पावडर ब्रश एक, त्याच्या बदलीला बाराशेचा साधा पण दमदार, आणि ओल्या कामासाठी कृत्रिम धाग्यांचे मध्यम किमतीचे दोन सेट, एक वापरात आणि एक वाळत. सगळे मिळून साडेपाच हजार. मी दिले.

तेव्हा महाग ब्रशचे पैसे वसूल होतात का, या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: रोज कामाला लागणाऱ्या हाताला होतात, तेही दांड्याचे आणि नावाचे पैसे सोडून. वर्षातून चारदा नटणाऱ्या आपल्यासारख्यांना होत नाहीत. घेताना केस ओढून पाहा, नळी हलवून पाहा, टोकं गालावर टेकवून पाहा. घरी आणल्यावर वापरण्याआधी एकदा धुवा, गळायचे ते केस तेव्हाच गळतील. रोजच्या वापरातला ब्रश आठवड्याला कोमट पाण्यात, साध्या शाम्पूने धुवा आणि आडवा वाळवा. उभा ठेवला तर पाणी नळीत उतरतं आणि गोंद सुटतो. त्वचारोगतज्ज्ञही सात ते दहा दिवसांनी ब्रश धुवायला सांगतात.

इस्राफ वाईटच. पण ती तपासायची तर सगळ्यांची तपासू. वलीम्याला जास्तीच्या दोन डेगा चढतात, मुलाला वीस हजारांचा फोन दहावी पास झाल्याबद्दल मिळतो, वरातीच्या घोडीचे पैसे कुणी मोजत नाही. आणि कमावत्या मुलीने हत्यार मागितलं की आपल्याला दीन आठवतो. मलाही तेव्हाच आठवला होता, म्हणून हे लिहिलं.

भाचीने बकरी ईदनंतर पैसे परत केले. पाचशे अजून बाकी आहेत. मी मागितलेले नाहीत. तेवढे एका दुल्हनच्या खालाने कापले होते, दुसऱ्या खालाने भरून दिले असं समजते.